बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी स्पीकर बघायला

लग्न होऊन मी भिवंडीत आले तेव्हा दोन हजारचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सासरी बाहेरच्या खोलीत दोन लाकडी खोकी उभी होती, माझ्या कमरेपर्यंत येतील एवढी. पुढून काळं कापड ताणून बसवलेलं. एकावर पापडांचे डबे रचलेले, दुसऱ्यावर इस्त्रीहून आलेले कपडे. मला वाटलं, धान्य ठेवायची जागा असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी डबे आणि कपडे उचलून पलंगावर ठेवले, टेबलावर टॉवेलाखाली झाकलेलं एक यंत्र उघडं केलं, शेजारच्या डेकमध्ये कॅसेट घालून बटण दाबलं आणि त्या खोक्यांतून सनई वाजायला लागली. तेव्हा कळलं की हे स्पीकर आहेत.

टॉवेलाखाली होता तो अ‍ॅम्प्लिफायर. दुबईत नोकरी करून परतलेल्या एका मित्राकडून बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तो घेतला होता. चंदेरी तोंड, ओळीने बसवलेली गोल बटणं, आणि वजन असं की उचलणारा आधी कंबर सावरून घेई. स्पीकरची खोकी बाबांनी सुताराकडून प्लायवूडची करून घेतली होती. घरात एक नियम होता. अ‍ॅम्प्लिफायरला हात फक्त बाबांनी लावायचा. माझा नवरा चांगला नोकरीला लागलेला माणूस, पण त्यालाही परवानगी नव्हती.

बाबा पॉवरलूमच्या एका कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. ऑफिस लूमच्या शेडला लागूनच, मध्ये नुसती काच. कापड किती निघालं ते लिहून घ्यायला दिवसातून कितीदा तरी शेडमध्ये जावं लागे. बोलणं कमी, आणि बोलले की जरा मोठ्याने. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या तरी ते पेपर वाचत बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "ह्यांचं घरात ध्यानच न्हाय." त्या राहनाळच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. इतकी वर्षं भिवंडीतल्या निजामपुऱ्याच्या गल्लीत काढूनही त्यांच्या बोलण्यातलं हाय-न्हाय गेलं नव्हतं. मी त्यांना आई म्हणायचे.

माझं माहेर मुरूडचं. तिथे दुपारी नारळाची झावळी पडली तरी चार घरांना ऐकू जाते. भिवंडीत घराच्या तिन्ही बाजूंना लूम. सकाळी उठल्यापासून खटखट सुरू, आणि ती इतकी सारखी की घरच्यांना ऐकूच येत नसे. मी विचारलं की तुम्हाला त्रास होत नाही का, तर सगळे विचारायचे, कसला?

गाणं ऐकायला शांतता हवी आणि शांतता मिळायची ती शुक्रवारी, भिवंडीच्या आठवड्याच्या सुट्टीला, लूम बंद असत तेव्हा. एरवी लूम थांबायचे ते वीज गेल्यावर, पण मग अ‍ॅम्प्लिफायरही गप्प. म्हणून शुक्रवारची सकाळ ही बाबांची. मी जवळच्या शाळेत शिकवत होते आणि आमच्या शाळेलाही शुक्रवारी सुट्टी असे. सासू आतल्या कामात, नवरा ड्युटीवर. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघंच. मी भाजी निवडत बसायचे, ते खुर्चीत डोळे मिटून. नव्या सुनेने सासऱ्यांशी काय बोलायचं हा प्रश्न गाण्यांनी सोडवला होता.

पहिल्या वर्षातच एका खोक्याचा आवाज फाटायला लागला. तबल्याचा जाड ठोका पडला की आत कुणी पत्रावळ चुरगाळतंय असं वाटे. बाबांनी कापड काढून पाहिलं, तर आतल्या पडद्याची, म्हणजे कोनची, कड कुजून गेली होती. गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने ती बोटाने नुसती चाचपली आणि म्हणाला, "चाचा, इसका कोन अब नहीं मिलेगा. नया जोड़ा ले लो."

आईंना ही सोन्यासारखी संधी वाटली. माझं माहेरचं लोखंडी कपाट तोवर स्वयंपाकघराच्या दारात अडकून उभं होतं आणि येता-जाता प्रत्येकाचा खांदा त्याला लागायचा. खोकी गेली की कपाट तिथे जाईल, असं त्यांनी जाहीर केलं.  त्या शुक्रवारी बाबांनी टॉवेल काढलाच नाही, आणि मला उगाचच वाटत राहिलं की माझ्या कपाटाने त्यांची जागा घेतली.

मीच मग विषय काढला. शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या घरी मी छोटे स्पीकर पाहिले होते, पुस्तकांच्या फळीवर बसतील असे. त्यांना बुकशेल्फ स्पीकरच म्हणतात, आणि आवाज खोलीला पुरून उरतो. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. एवढ्याशा डब्यातून आवाज येईल, पण गाणं येईल का, अशी त्यांना शंका होती. तरी दुसऱ्या दिवशी ते शोकेससमोर फूटपट्टी घेऊन उभे होते.

शोकेस आईंची होती. भावाने आणलेला काचेचा मोर, दोन बदकं, वज्रेश्वरीच्या जत्रेतली टोपली, अकलोलीच्या गरम कुंडांवर काढलेला सगळ्या भावंडांचा फोटो. बऱ्याच बोलण्यानंतर त्यांनी मधल्या फळीची दोन टोकं मोकळी करून दिली. मोर मध्येच राहणार, ही अट. मी त्या टोकांच्या मापाचे दोन वर्तमानपत्राचे कागद कापले आणि पर्समध्ये ठेवले. स्पीकर कितीही चांगला असला तरी ह्या कागदाबाहेर जाऊन चालणार नव्हतं.

बाबांची अट वेगळी होती. दुकानात दुकानवाल्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरवर स्पीकर लावतात, तिथे ते चांगलेच वाजणार. आपल्या घरी आपल्या यंत्रावर कसे वाजतील ते कसं कळणार? म्हणून अ‍ॅम्प्लिफायर बरोबर न्यायचा. मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण शनिवारी माझी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली तेव्हा बाबा फाटकाशी रिक्षा घेऊन उभे, आणि मागच्या सीटवर जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं.

ठाण्याच्या एसटीत ते गाठोडं त्यांनी मांडीवर घेतलं. अंजुरफाट्यानंतर रस्ता खराब. प्रत्येक खड्ड्याला ते गाठोडं दोन्ही हातांनी उचलून धरायचे, म्हणजे धक्का मांडीला बसेल, यंत्राला नाही. कंडक्टरने विचारलं, काय आहे. बाबा म्हणाले, गाण्याचं मशीन. त्याने लगेजचं तिकीट फाडलं नाही, फक्त वाजवू नका म्हणाला. राहनाळच्या गोदामांवरून बस पुढे गेली तेव्हा बाबा पहिल्यांदा माझ्याशी मोकळेपणी बोलले. लग्नाआधी आईंना बघायला ते इथे आले होते, तेव्हा ह्या सगळ्या भागात भातशेती होती. चहा घेऊन आलेल्या आईंना काय विचारावं ते सुचलं नाही, म्हणून त्यांनी विचारलं होतं, रेडिओ आहे का घरात. मग म्हणाले, "आज पुन्हा बघायलाच चाललोय. फक्त नवरामुलगा मांडीवर आहे."

मी एवढी हसले की पुढच्या सीटवरच्या बाई वळून बघायला लागल्या.

ठाण्यातलं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. मालक साठीकडे झुकलेले, शांत. चादरीतून अ‍ॅम्प्लिफायर निघालेला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही, उलट त्यांनी टेबलावर जागा करून दिली. यंत्र उलटं करून मागची पाटी वाचली. म्हणाले, हा आठ ओहमच्या स्पीकरसाठी आहे. चार ओहमचे लावले तर ते जास्त करंट ओढतील आणि हा तापेल. मग त्यांनी स्पीकरच्या तीन जोड्या काढून मांडल्या. मी माझे कागद काढले आणि प्रत्येकाच्या बुडाखाली सरकवून पाहिले. तिन्ही बसत होते. मालकांनी कागदांबद्दल विचारलं, मी शोकेसचं आणि मोराचं सांगितलं, तेव्हा मात्र ते हसले.

बाबांनी घरून सीडी आणली होती. एक बाई गातात, साथीला तबला आणि पेटी. पहिली जोडी वाजली आणि बाबांनी लगेच मान हलवली. पेटी आहे, पण तबल्याचा डग्गा कुठे गेला? मला पटलं.

दुसरी जोडी लागली आणि त्यांचा चेहरा खुलला. ते खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, सगळं स्वच्छ ऐकू येतंय, शब्द न् शब्द. कितीतरी दिवसांनी त्यांना असं उत्साहात बघत होते. पण मला ते सहन होत नव्हतं. गाणाऱ्या बाईंच्या प्रत्येक 'स'ला तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज. तबल्याच्या चाटीचा, म्हणजे काठावरचा, ठोका दातात जात होता. मालक सांगत होते की ही जोडी चार ओहमची आहे. बाबा म्हणाले, थोडं इकडेतिकडे चालतं.

तिसरी जोडी साधी, तपकिरी. ती लागली आणि मी मान मागे टेकली. बाई समोर बसून गाताहेत असं वाटलं. ओळ सुरू करण्याआधी त्या हळूच श्वास घेत होत्या. बाबा म्हणाले, "ह्या तर तोंडावर पदर धरून गातायत."

त्यांनी दुसरी जोडी पक्की केली. मालक माझ्याकडे वळले, आणि मी म्हणाले, छान आहेत. सासऱ्यांच्या हौसेत सुनेने कशाला नाक खुपसायचं? पण बाबांनी मी कुठेतरी तोंड वाकडं केलेलं पाहिलं असावं. ते म्हणाले, "नीट सांग. घरात तूही ऐकणार आहेस."

मग मी सांगितलं. दुसऱ्या जोडीत काय टोचतं ते, आणि तिसऱ्या जोडीत बाईंचा श्वास ऐकू येतो तेही.

"कसला श्वास?"

मालकांनी तिसरी जोडी पुन्हा लावली. बाबांनी डोळे मिटले. ओळ संपली, बाईंनी श्वास घेतला, पुढची ओळ सुरू झाली. मी बोटाने दाखवलं, आत्ता. पुढच्या वेळी पुन्हा, आत्ता. बाबा ऐकत राहिले. मग डोळे उघडून, एरवीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "मला नाही येत ऐकू."

 मालकांनी विचारलं, काम कुठे करत होतात. बाबांनी सांगितलं. त्यांनी नुसती मान डोलवली. आणि माझ्या डोक्यात कुकरच्या शिट्ट्या वाजल्या. ते लक्ष देत नव्हते असं नाही, त्यांच्यापर्यंत बारीक आवाज पोचतच नव्हते. दुसरी जोडी त्यांना स्वच्छ वाटत होती, कारण त्यांच्या कानात जे कमी पडत होतं ते ती ओरडून भरून काढत होती.

बाबा अ‍ॅम्प्लिफायरकडे बघत बसले होते. मग त्यांनी त्याच्या पाठीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, चांगलाच तापलाय. दुसऱ्या जोडीने तापला असावा. हे ते कुणाला सांगत होते कोण जाणे.

त्या यंत्राच्या तोंडावर एक बटण होतं, ट्रेबलचं. उजवीकडे फिरवलं की बारीक, उंच आवाज वाढतात. बाबांनी ते कायम बरोबर मध्यावर ठेवलेलं. रेकॉर्ड करणाऱ्याने जसं केलं तसंच ऐकावं, बटणं पिळणं म्हणजे दुधात पाणी घालणं, हे त्यांचं मत मी अनेक शुक्रवारी ऐकलं होतं. मी उठले, टेबलाजवळ गेले आणि ते बटण उजवीकडे फिरवलं. घरात नवऱ्याला जे करता येत नव्हतं ते मी ठाण्यात, परक्या माणसासमोर करत होते.  बाबांनी अडवलं नाही.

मी अजून थोडं फिरवलं. गाणं मला टोचायला लागलं, तरी फिरवलं. बाईंनी ओळ संपवली.

"घेतला," बाबा म्हणाले. "आत्ता घेतला तिने श्वास."

ते पूर्ण गाणं आम्ही ऐकलं. मध्येच मालक कुणाला तरी चहा सांगून आले. मग बाबांनी स्वतः ते बटण मध्यावर आणलं, थोडं ऐकलं, पुन्हा उजवीकडे नेलं, असं दोन-तीनदा केलं. शेवटी म्हणाले की तिसरी जोडी घेऊ. यंत्राला झेपते, सुनेच्या कानाला बरी वाटते, आणि माझ्या कानासाठी हे बटण आहे. इतकी वर्षं उगाच त्याला सुट्टी दिली. मला म्हणाले, "तुझे कान अजून भिवंडीचे झाले नाहीत. होऊ देऊ नकोस."

परतताना अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या मांडीवर आणि दोन्ही स्पीकर माझ्या.  कशेळीच्या पुलावर बाबा म्हणाले की कारखान्यात मुनीम फोनवर बोलायचा तेव्हा त्यांना वाटे, हा शब्द खातो. आता वाटतं, तो बिचारा नीट बोलत असेल.

घरी आईंनी स्पीकर पाहिले आणि कपाळाला हात लावला. "एवढी मोठी देऊन एवढीशी आणली? ह्याच्यात आवाज तरी हाय का?" खरं तर जुनी खोकी अजून गेली नव्हती. ती पुढच्या आठवड्यात त्यांच्या भावाने टेम्पोतून राहनाळला नेली, आत दुसरे स्पीकर बसवून गणपतीत लावायला. माझं कपाट त्यांच्या जागी गेलं आणि स्वयंपाकघराचं दार मोकळं झालं.

स्पीकर फळीवर चढले आणि पहिल्याच गाण्याला काचेचा मोर थरथरायला लागला. डग्गा घुमला की मोर किणकिणायचा. बाबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून स्पीकरखाली घातले, भिंतीपासून त्यांना चार बोटं पुढे ओढलं. आवाजातली घूम कमी झाली, पण मोर काही ऐकेना. शेवटी आईंनीच त्याला उचलून फ्रिजवर ठेवला आणि वर म्हणाल्या, त्याला गाणं कळतं म्हणून नाचतो.

त्या रविवारी नवऱ्याने बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं जे आम्हाला दुकानात कळलं होतं. कानाला यंत्र लावायचं का, हे बाबा बघू म्हणाले. पण एक गोष्ट त्यांनी लगेच केली. माझ्याकडे नेलपॉलिश मागितलं. ट्रेबलच्या बटणाभोवती एक लाल ठिपका त्यांच्यासाठी काढला, आणि मध्यावर एक आमच्यासाठी. आता खोलीत जो ऐकायला बसेल त्याने बटण आपल्या ठिपक्यावर आणायचं. म्हणजे नियम मोडला होता तो मोडलाच, आता अ‍ॅम्प्लिफायरला सगळ्यांनी हात लावायचा होता. नवऱ्याला हे पटेना. तो बराच वेळ विचारूनच बटण फिरवायचा.

बाबांनी ही गोष्ट लपवून ठेवली नाही. चहाच्या टपरीवर त्यांचे कारखान्यातले जुने सहकारी जमायचे, त्यांना सांगून टाकलं की आपले कान लूमने खाल्लेत. ते म्हणाले, तुझे गेले असतील, आमचे शाबूत आहेत. बाबांनी त्यांना शुक्रवारी घरी बोलावलं. तिघे आले. एक मुनीम, एक स्टोअरकीपर आणि एक जॉबर, म्हणजे शेडमध्ये लूम दुरुस्त करणारे. बाबांनी तेच गाणं लावलं आणि बटण मध्यावर ठेवलं. श्वास ऐकू आला की हात वर करा, म्हणाले.

एकही हात वर गेला नाही. मग बाबा बटण हळूहळू फिरवायला लागले. मुनिमांचा हात बाबांच्या ठिपक्याच्या जरा आधी वर गेला आणि बाबांना ते मुळीच आवडलं नाही. स्टोअरकीपर बाबांच्याच ठिपक्यावर. जॉबर काकांचा हात बटण अगदी शेवटाला टेकलं तरी मांडीवरच. ते सगळ्यांकडे बघत होते. म्हणाले, "सब झूठ बोल रहे हो. कोई साँस नहीं है."

मला बाहेरून बोलावणं आलं. सूनबाईला विचारा, तिचे कान मुरूडचे आहेत. मी हात पुसत बाहेर आले, ऐकलं आणि आहे म्हणून सांगितलं. जॉबर काकांनी हात जोडले. बाबांनी स्पीकर फळीवरून उतरवून त्यांच्या खुर्चीजवळ, अगदी कानाशी आणला. काका वाकून ऐकत राहिले, आणि मग एकदम हात वर. सगळे एवढे हसले की पुढचं गाणं कुणालाच ऐकू आलं नाही. नेलपॉलिशचे ठिपके वाढले. शुक्रवारची मंडळी कायम झाली. आईंची चहा करून करून चिडचिड व्हायची, पण एखाद्या शुक्रवारी कुणी आलं नाही तर त्या दारात डोकावून यायच्या.

अशाच एका शुक्रवारी, मंडळी चहा पीत असताना, आई पदराखाली काहीतरी धरून बाहेर आल्या. कॅसेट होती. त्यांच्या भाच्याच्या लग्नात कुणीतरी टेपरेकॉर्डर लावून भरलेली. हळदीला धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई, पुढे गाते आणि बाकीच्या बायका मागून ओढतात, ते सगळं तिच्यात होतं. इतकी वर्षं ती ट्रंकेत पडून होती. त्यांनी कधी लावायला सांगितली नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. बाबांनी कॅसेट घेतली, डेकमध्ये घातली आणि आईंना आपल्या खुर्चीत बसवलं. बटण मध्यावर आणलं.

आधी नुसती खरखर, भांड्यांचा आवाज. मग धवलारणीचा उंच, सरळ आवाज आला आणि त्यामागे बायकांचा घोळका. आई पुढे वाकल्या. एक आवाज डाव्या बाजूला होता, त्या म्हणाल्या, ही वहिनी. मग, ही शेजारची, हिचा दम टिकत न्हाय. ही आमची मोठी बहीण. ती बहीण जाऊन आता काही वर्षं झाली होती.  मग एक आवाज बाकीच्यांच्या पुढे पळत होता, जोरात आणि सुराच्या बराच वर. जॉबर काकांनाही तो स्पष्ट ऐकू आला, त्यांनी कान टवकारून विचारलं, ही कोण?

आईंनी तोंडाला पदर लावला. हसताना त्यांचे खांदे हलत होते.

"ती मीच हाय," त्या म्हणाल्या.

बाबांनी आवाज वाढवला.